मजुरीचा पुरावा मजुरानेच का द्यावा?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल चढले आणि कामगारांच्या वाट्याला घरांची सोडत आली. पण सोडतीत नाव हवे तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे ज्याचे त्याने सिद्ध करायचे. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, ईएसआयचा क्रमांक, फंडाची पावती, काहीतरी आणा.

कुठून आणणार? गिरणगावातल्या एकेका खोलीत डझनभर माणसे पाळीपाळीने झोपत आणि ट्रंक हाच प्रत्येकाचा संसार असे. संपात खोली सुटली, ट्रंक कोकणात नाहीतर साताऱ्याकडे गेली. तिथे कौले गळली, उरले ते वाळवीने खाल्ले. एखादी पावती वाचली असेल, तर तिच्यावर आडनाव कारकुनाच्या मर्जीचे, आधारवर दुसरे आणि भरतीच्या वेळी जॉबरने लिहवलेले वय तिसरेच. मग जुना जोडीदार शोधायचा, तो हयात असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र घ्यायचे. साचेखात्यात उमेदीची वर्षे घालवलेला सत्तरीपलीकडचा माणूस प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून खिडकीपुढे उभा राहतो, आणि पलीकडचा त्याच्याकडे चोर पकडल्यासारखा पाहतो.

पण कागद हरवला कोणी? कामगारांची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी कारखाना कायद्याने १९४८ सालीच मालकावर टाकली. फंडाची आणि ईएसआयची वर्गणी पगार हातात पडण्यापूर्वीच कापली जाई. ती कोणाच्या नावे जमा झाली, हे घेणाऱ्याला ठाऊक नसावे? १९८३ साली मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारनेच हाती घेतले. तिथला मस्टर आता सरकारने कामगाराकडे मागावा, याला निर्लज्जपणा म्हणतात. गिरणीच्या जमिनीचा नकाशा, हद्द, मालकी यांतला एकही कागद गहाळ झाला नाही, कारण त्यावर कोट्यवधींचे व्यवहार व्हायचे होते. रद्दीत गेली ती फक्त माणसांची हजेरी. काय जपायचे आणि काय फेकायचे, हे या समाजाने पुरते समजून-उमजून ठरवले आहे.

आणि हा समाज म्हणजे केवळ गिरणीमालक नव्हे. बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. स्लॅब पडेपर्यंत त्याला नावाने हाक मारणारा ठेकेदार दाखल्याची गोष्ट निघाली की ओळख विसरतो. आपल्या घरी वीस वर्षे भांडी घासणाऱ्या मावशींना आपण दिवाळीला साडी देतो, फोटोत उभे करतो, “घरच्यासारख्याच” म्हणतो. त्यांनी “ताई, मी तुमच्याकडे कामाला आहे एवढं लिहून द्या” म्हटले की मात्र आपल्याला वकील आठवतो. उद्या काही मागितले तर? ही भीतीच आपला कबुलीजबाब आहे. देणे लागतो हे माहीत असल्याशिवाय मागण्याची भीती कोणाला वाटत नाही.

म्हणून उलट करा. कामगाराने गिरणी, खाते, पाळी आणि सोबत्यांची नावे सांगितली, तर ती खरी धरा; खोटी वाटत असतील तर मालकाने आणि सरकारने आपले मस्टर काढून ती खोडून दाखवावीत. मस्टर नसेल तर संशयाचा फायदा घाम गाळणाऱ्याला द्या. लबाड चार घुसतील म्हणून हजारो खऱ्यांना दारात ताटकळत ठेवणे हा न्याय नाही. सरकार हे करील तेव्हा करील. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईला कधीपासून, किती पगारावर ती कामाला आहे हे तारखेनिशी लिहून सही करून द्यायला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. तेवढी सही जो करीत नाही, त्याने गिरणीमालकांच्या नावाने बोटे मोडू नयेत.