समाजमाध्यमांवरील छोटा व्यवसाय : दुकान आपले, जागा परक्याची

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी मोबाइल ॲपवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षेचा मुद्दा साहजिकच चर्चेच्या अग्रभागी राहिला. मात्र घरी केक बनवणारे, शिवणकाम करणारे, रोपे विकणारे जे छोटे व्यावसायिक या ॲपवरून ग्राहक मिळवत होते, त्यांची बाजारपेठही या निर्णयाबरोबर मिटली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स ही सुविधा आणली आणि अनेकांनी तिकडे मुक्काम हलवला. पण आधी जमवलेला चाहतावर्ग सोबत नेण्याची सोय नव्हती.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या एकाच कंपनीच्या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास ठप्प झाल्या. नवरात्र तीन दिवसांवर आले होते. ज्यांच्या मागण्या, पत्ते आणि हिशेब या तीनच ठिकाणी होते, त्यांना वाट पाहण्याखेरीज काही करता आले नाही.

तरीही छोटे व्यावसायिक या माध्यमांकडे वळतात, त्याला सबळ कारण आहे. येवल्याचा पैठणी विणकर, चंदेरीचा साडी विणकर किंवा कच्छमध्ये भरतकाम करणारी महिला यांना पूर्वी दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी व्यापारी आणि प्रदर्शने यांवरच विसंबावे लागे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे घेणे सोपे झाले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे विनामूल्य ॲप भारतात उपलब्ध झाले; पुढच्या वर्षी त्यात मालाची छायाचित्रे व किमती मांडण्याची सोय आली. छायाचित्र, संदेश, यूपीआय आणि टपाल किंवा कुरिअर एवढ्या भांडवलावर दुकान उभे राहू लागले.

विनामूल्य म्हणजे विनाअट नव्हे

या दुकानात गिऱ्हाईक पाठवायचे की नाही, हे मात्र जागेचा मालक ठरवतो. जानेवारी २०१८ मध्येच फेसबुकने व्यावसायिक पानांपेक्षा मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. परिणामी, ज्या वाचकांनी स्वतःहून पानाचे अनुयायी होणे पसंत केले होते, त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठीही जाहिरातीचा खर्च करण्याची वेळ व्यावसायिकांवर आली.

दुसरा धोका प्रसिद्धीच्या स्वरूपातच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतील मालवीयनगरच्या ‘बाबा का ढाबा’ या टपरीची एक चित्रफीत देशभर पसरली आणि दुसऱ्याच दिवशी तेथे रांगा लागल्या. डिसेंबरमध्ये त्याच व्यवसायाचे उपाहारगृह उघडले. मात्र खर्च उत्पन्नाला पेलवेना आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद करून पुन्हा टपरीवर यावे लागले. चित्रफीत गर्दी आणते. ती गर्दी पुढच्या महिन्यातही येईल, याची हमी देत नाही. एका लाटेच्या बळावर भाडे, नोकर आणि कर्ज यांचा भार उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

कायद्याची चौकट

फोनवरून चालणारा व्यवसाय कायद्याच्या कक्षेबाहेर असतो, हा समजही दूर होणे आवश्यक आहे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वस्तुविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. परंतु करपात्र माल परराज्यात पाठवल्यास ही सवलत सरसकट मिळत नाही. काही हस्तकलावस्तूंनाच तेथे सूट आहे. समाजमाध्यमांवर तर पहिलाच ग्राहक परराज्यातील असू शकतो. घरगुती लोणची किंवा फराळ विकणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. प्रसिद्ध व्यक्तीला मोफत वस्तू देऊन तिच्याकडून शिफारस करवून घेतल्यास ती बाब उघड करणे बंधनकारक आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

फसवणुकीचे प्रकारही याच वाटेने येतात. मोठी मागणी नोंदवून, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगितले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच नुकसान टळू शकते. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करता येते.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष समाजमाध्यमांकडे पाठ फिरवण्याचा नाही. ग्राहकाला दारापर्यंत आणण्याचे काम ती उत्तम करतात. त्याला धरून ठेवण्याचे काम मात्र व्यावसायिकाचेच आहे. ग्राहकाच्या संमतीने घेतलेले त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक स्वतःच्या वहीत असणे, प्रत्येक पुडक्यावर आपले नाव व पत्ता छापणे आणि विक्रीचा किमान एक मार्ग समाजमाध्यमांबाहेर राखणे, हे उपाय साधे व कमी खर्चाचे आहेत. बचतगट आणि कारागिरांना डिजिटल प्रशिक्षण देताना चित्रफीत कशी करावी, याबरोबरच ही वही कशी ठेवावी, हेही शिकवले गेले पाहिजे. एखादे ॲप रातोरात बंद होऊ शकते, हे २०२० मध्ये दिसले आहे. तशी वेळ पुन्हा आल्यास ज्याच्याकडे वही असेल, त्याचा व्यवसाय दुसऱ्या दिवशीही चालू राहील.