आनंदवृक्षाची नावे बाजू

परवा बँकेतला जुना सहकारी आला. पत्नीला कर्करोग. ‘सह्याद्रीतल्या नरक्याच्या सालीत औषध असतं म्हणे. काढा देऊ? झाडपालाच तर आहे, अपाय कसला!’

त्याला चीनच्या शी-शूची, ‘आनंदवृक्षा’ची गोष्ट सांगितली. तिथल्या पारंपरिक वैद्यकातल्या या झाडातून १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. नरक्यातही तेच द्रव्य. पण १९७०च्या दशकातल्या चाचण्यांत रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या, चाचण्या थांबल्या. त्यात फेरफार करून घडवलेली औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तीही रक्त तपासत, मोजूनमापून देतात. काढ्याला मोजमाप कुठले?

‘जन्मभर खातेवह्या तपासल्यास,’ मी म्हटले, ‘नुसती जमा बाजू बघून कधी सही केलीस?’