हेमाद्रीला त्याचेच श्रेय द्या

फुलंब्रीत पारावर जुन्या दगडी देवळाचा विषय निघाला की हेमाडपंताचे, म्हणजे यादवांचा प्रधान हेमाद्री याचे, नाव येतेच. यादवांची राजधानी देवगिरी आमच्या शेजारी, म्हणून अभिमानही मोठा. पण तो चुकीच्या पायावर उभा आहे.

चुना न घालता दगडाला खाचा पाडून, दगडात दगड बसवायची रीत हेमाद्रीने काढली, हे खरे नाही. याच रीतीच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. हेमाद्रीचा धनी महादेव यादव गादीवर आला तो १२६१ च्या सुमारास. मधली दोनशे वर्षे कुठे घालवायची? फुलंब्रीहून अजिंठ्याच्या रस्त्याने जाताना गोळेगावहून आत वळले की अन्व्याचे देऊळ लागते. तेही बाराव्या शतकातले मानतात. ज्या पाथरवटांनी ही देवळे घडवली, त्यांचे श्रेय आपण एका प्रधानाच्या खात्यावर टाकले.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या ग्रंथात शेकडो व्रते सांगून हेमाद्रीने समाज दुबळा केला आणि म्हणून देवगिरी पडली, असे म्हणतात. राजवाड्यांसारख्या थोर अभ्यासकानेही हा ठपका ठेवला. मला तो मान्य नाही. पुराणांत आणि स्मृतींत विखुरलेली वचने त्याने विषयवार लावली. व्रते त्याने निर्माण केली नाहीत. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर दूर होती. गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. फौज जवळ नसणे आणि कोठार रिकामे असणे, ही पराभवाची कारणे डोळ्यांसमोर असताना पोथीला आरोपी का करायचे?

महानुभाव वाङ्मयात हेमाद्री पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचा विरोधक म्हणून येतो. त्या पंथाची वेदना पुसून त्याचा गौरव करावा, असे मी म्हणणार नाही.

पण त्याचे खरे काम लहान नाही. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी. हत्तीदळही त्याच्याकडे होते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका त्याने लिहिली, व्याकरणकार बोपदेवाला आश्रय दिला. दप्तर सांभाळणारा माणूस वैद्यकावर अधिकाराने लिहितो, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

गावोगावच्या देवळांवरच्या पाट्यांतून ‘हेमाडपंती’ काढा आणि ठरेल ते शतक लिहा. हेमाद्रीचे नाव देवगिरीवर लिहा, श्रीकरणाधिप म्हणून.