तृतीय पुरुष, एकवचन

आमच्या बेळगावकडच्या मुली 'मी जातो', 'मी आलो' असे सर्रास बोलतात. पुण्याचे पाहुणे हसतात. आम्हांला त्यात वावगे वाटत नाही. कन्नडमध्ये तर 'नानु बंदे' म्हणणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापदावरून कळतच नाही. त्यामुळे माझा शाळेपासूनचा मित्र 'मी आलो' म्हणे, तेव्हा कोणालाच काही वेगळे वाटले नाही. जन्मदाखल्यावर तो मुलगी होता. आपण मुलगाच आहोत, हे त्याने मला बारावीनंतर सांगितले.

म्हणजे अडचण प्रथम पुरुषाची नव्हती, तृतीय पुरुषाची होती. त्याच्यामागे 'तो आला' म्हणायचे की 'ती आली', हे आपल्या हाती असते. कन्नडलाही इथे 'बंदनु' आणि 'बंदळु' यांतून निवड करावीच लागते.

सौंदत्तीच्या यल्लम्माचे जोगते आपण लहानपणापासून पाहतो. त्यांना मान मिळो न मिळो, निदान नाव आहे. मुलगी म्हणून जन्मून पुरुष म्हणून जगणाऱ्याला आपल्याकडे रुळलेले नावही नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात सुमारे ४ लाख ८८ हजार माणसे नोंदली गेली; त्यांत असे पुरुष किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आम्ही कॉमर्सवाले खाते न सापडणारी रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकतो, पण तीही तात्पुरती. माणसाला तिथे कायमचे ठेवायचे काय?

आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने ठरवावे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. पण गेल्या वर्षी हजेरीला जुने नाव पुकारले गेले, त्याने 'येस सर' म्हटले आणि वर्ग हसला. मीही हसलो. पुढे तो हजेरीच्या वेळी बाहेरच थांबू लागला. उपस्थिती कमी भरली, परीक्षा हुकली.

आता रात्री तो मोबाईलवर आपल्यासारख्यांशी बोलतो. कोणी बंगळूरचा, कोणी इंदूरचा. न पाहिलेली ती माणसे त्याला 'दादा' म्हणतात, आणि दहा वर्षे एका बाकावर बसलेला मी त्या दिवशी हसलो!

मित्रहो, हजेरीपटावरचे नाव बदलायला अर्ज-दाखले लागतील. 'तो' म्हणायला कोणाचा शिक्का लागत नाही. येत्या जूनमध्ये तो पुन्हा प्रवेश घेणार आहे. वर्ग पुन्हा हसला, तर मी नुसता गप्प बसणार नाही, बोलेन. तुम्हीही बोला.