दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या सर्व शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. शीतपेयात, बिस्किटात, चॉकलेटात किती साखर असते आणि दिवसाला किती खाणे योग्य, हे मुलांना शाळेच्या भिंतीवरच वाचता यावे, हा त्यामागचा हेतू. त्या परिपत्रकात म्हटले आहे की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. असायला हवेत ५ टक्के.

या निर्णयानंतर चर्चा झाली ती मधुमेहाची आणि लठ्ठपणाची. दोन्ही आजार गंभीर आहेत, पण ते दिसायला बरीच वर्षे जातात. साखरेचा पहिला परिणाम दिसतो तो दातांवर, आणि तोही अनेकदा मूल बालवाडीत जाण्याआधीच. त्याबद्दल मात्र आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाकडे पाहिले तर हे एक वाक्य मुलांना किती महागात पडते ते कळते.

आधी आपल्या गावाचे पाहू. बडोद्यातल्या ६ ते १२ वर्षांच्या १६०० शाळकरी मुलांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी जवळजवळ सात मुलांना दातांची कीड आढळली. त्याआधी भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ५२ टक्के आणि १५ वर्षांच्या मुलांत सुमारे ६३ टक्के निघाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. तेव्हा हा एखाद्या हावरट मुलाचा किंवा निष्काळजी आईचा प्रश्न नाही. तो घरोघरचा आहे.

दुधाचे दात पडतात हे खरे, पण सगळे लवकर पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेबरोबर मुलाला सहा-सात वर्षे काढायची असतात. त्या काळात ते एका बाजूने चावते, रात्री रडत उठते, शाळा बुडवते. दुधाच्या दातांवरचे कठीण आवरण पातळ असते, त्यामुळे कीड आत लवकर पोहोचते. मुळाशी गळू झाले तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे तारा लावण्याची वेळ येऊ शकते.

‘मग कीड दिसली की लगेच भरून घेऊ’ असे कोणी म्हणेल. इथे ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष लक्षात घ्यायला हवा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या दवाखान्यांत, दाढ आधीच किडलेल्या ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांचे तीन गट केले. पहिल्या गटात कीड कोरून दात भरले. दुसऱ्यात कीड न कोरता ती आतच बंद केली. तिसऱ्यात दात न भरता फक्त ब्रश, आहार, फ्लोराइडचा लेप अशा प्रतिबंधक उपायांवर भर दिला. पहिल्या दोन गटांनाही हे उपाय मिळतच होते. पावणेतीन वर्षांहून अधिक काळ मुलांवर लक्ष ठेवले गेले. २०२० मध्ये निकाल आला. या काळात दात दुखणे किंवा जंतुसंसर्ग झालेल्या मुलांचे प्रमाण तिन्ही गटांत अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के होते. हा फरक नगण्य मानला गेला.

याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहेत असा नाही. दुखणाऱ्या दाताचा इलाज व्हायलाच हवा. अर्थ असा की कीड दाढेत खोल गेल्यावर चांगल्या डॉक्टरांकडे, नियमित देखरेखीखालीसुद्धा, दहापैकी चार मुलांना दुखणे चुकले नाही. खरा फरक पडतो तो त्याआधी.

कीड लागलीच असेल तर उपचाराची पद्धत मात्र मुलासाठी सोपी होऊ शकते. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत इंजेक्शन नाही, कोरणे नाही. किडलेल्या दाढेवर स्टीलची टोपी सिमेंटने बसवतात. आत अडकलेल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि कीड थांबते. १३२ मुलांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर या टोप्यांपैकी फक्त ३ टक्के दाढांत गळू, असह्य दुखणे असा गंभीर त्रास झाला. नेहमीच्या पद्धतीने भरलेल्या दाढांत हे प्रमाण साडेसोळा टक्के होते. दुसरा उपाय म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे औषध थेंबभर लावले की कीड बहुतेक वेळा थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये ते मुलांना लावून पाहिले, तेव्हा परिचारिकांनी लावले तरीही चांगला परिणाम मिळाला.

अडचण एकच. त्या औषधाने किडलेला भाग काळा पडतो, आणि टोपी चांदीसारखी चमकते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पालक नकार देतात. चार वर्षांच्या मुलाला पूर्ण भूल देण्यापेक्षा काळा ठिपका बरा, हे डॉक्टरांशी शांतपणे बोलून ठरवावे.

आता प्रतिबंधाकडे येऊ. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दाताचे आवरण विरघळवते. लाळ हे नुकसान भरून काढते, पण तिला वेळ लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे. जेवणाबरोबर खाल्लेल्या श्रीखंडापेक्षा किंवा पुरणपोळीपेक्षा दिवसभर थोडे थोडे चालणारे बिस्किट, चॉकलेट आणि पॅकबंद रस दातांना अधिक घातक. झोपेत लाळ कमी होते. म्हणून तोंडात दुधाची बाटली धरून झोपणे सर्वांत वाईट, आणि दुधात साखर असेल तर विचारायलाच नको. आजी-आजोबांना हे प्रेमाने सांगावे लागेल, कारण साखर घातलेला दुधाचा पेला अनेकदा त्यांच्याच हातून मिळतो.

दुसरी गोष्ट पेस्टची. मुलांच्या अनेक पेस्टांत फ्लोराइड कमी असते किंवा नसतेच, अनेक वनौषधी पेस्टांतही नसते. वेष्टनावर १००० पीपीएम असे लिहिलेले पाहावे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. दिवसातून दोनदा, त्यातले एकदा झोपण्यापूर्वी, आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांच्या हाताने किंवा देखरेखीखाली. सुमारे ७० चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात फ्लोराइडच्या पेस्टमुळे कीड सरासरी २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२५ मध्ये पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातल्यापासून आपल्या मोबाइलवर ‘फ्लोराइड म्हणजे विष’ असे संदेश फिरतात. तो वाद रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे. उत्तर गुजरातच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराइड जास्त असते आणि त्याने दात व हाडे बिघडतात, हेही खरे. तिथे पाणी तपासूनच प्यावे. पण वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकून टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. एकाची भीती दुसऱ्यावर लादू नये.

स्कॉटलंडने हे काम घरांवर सोडले नाही. तिथे बालवाड्यांत मुले रोज शिक्षकांसमोर ब्रश करतात. पहिलीतल्या ज्या मुलांच्या दातांत उघड कीड नव्हती त्यांचे प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होते, ते २०२० मध्ये ७३ टक्क्यांवर गेले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या बडोद्याला शाळेची ही ताकद नव्याने सांगायला नको.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहे, पण ती अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांसाठी. आपल्या सभासदांची बहुतेक मुले खासगी शाळांत आहेत. त्यांचे दात ठरल्या वेळी कोणी पाहत नाही, आणि दुखू लागेपर्यंत आपणही पाहत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मुलाला एकदा दंतवैद्याकडे न्यावे. महिन्यातून एकदा उजेडात त्याचा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीजवळ पांढरी रेघ दिसली तर ती कीड लागण्याची पहिली खूण असते आणि त्या टप्प्यावर ती परत फिरवता येते. आपल्या सभासदांत दंतवैद्य आहेत. गणेशोत्सवातल्या बालमेळाव्याच्या दिवशी तासभर तपासणी ठेवणे अवघड नाही. स्पर्धांची बक्षिसे म्हणून चॉकलेटच्या डब्यांऐवजी दुसरे काही देता येईल. प्रसादाचा मोदक मात्र तसाच राहू द्या. जेवणाबरोबर खाल्लेल्या एका मोदकाने कोणाचे दात किडत नाहीत.