विश्लेषण : ‘तडीपार’ सरस की ‘इन्सान’? एमसी स्टॅनच्या जुन्या चाहत्याला खरे बोलणे का जड जाते?

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी एमसी स्टॅनने ‘बिग बॉस १६’ जिंकले. उपविजेता होता अमरावतीचा शिव ठाकरे. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतला अल्ताफ शेख त्या रात्री घराघरांत पोहोचला आणि त्याच्या चाहत्यांचे दोन गट पडले. एक गट टीव्हीवर पाहून आलेला. दुसरा त्याच्या चार-पाच वर्षे आधीपासून यूट्यूबवर ऐकणारा. पहिल्या गटासाठी स्टॅन म्हणजे ‘इन्सान’ हा २०२२ चा अल्बम. दुसऱ्याला २०२०चा ‘तडीपार’ आठवतो, आणि ‘इन्सान’चे नाव काढले की तो जरा गप्प होतो.

हे गप्प होणे धाराशिव जिल्ह्यातही दिसते. कळंब, उमरगा, परंड्याची पोरे स्पर्धा परीक्षेसाठी, कंपनीतल्या कामासाठी पुण्याला जातात. दिवाळीला गावी येतात तेव्हा मोबाइलमध्ये पुण्याची गाणी असतात. स्टॅन त्यांच्यासाठी मुंबईच्या ‘गली बॉय’ लाटेतला आणखी एक रॅपर नाही. तो ज्या रेल्वे स्थानकाजवळ वाढला, त्याच स्थानकावर उतरून त्यांनी पुण्यात पहिले पाऊल टाकलेले असते.

त्याची भाषा आपली का वाटते?

स्टॅन मराठीत रॅप करत नाही. तो पुण्याच्या वस्तीतली हिंदी बोलतो आणि तिच्यात मराठी सारखी डोकावते. ‘बिग बॉस’मुळे देशभर पोहोचलेला त्याचा ‘शेमडी’ हा शब्द म्हणजे आपलाच ‘शेंबडी’. उत्तरेतल्या श्रोत्याला त्याचा अर्थ विचारावा लागला, मराठवाड्यातल्या पोराला नाही.

त्याला कारण आहे. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याचे जुने नावही मीर उस्मान अली खान या अखेरच्या निजामावरून पडलेले. इथल्या बाजारात मराठी, दखनी आणि सीमेकडे कानडी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून फिरतात. दखनीतला ‘नक्को’ हा मराठी ‘नको’च आहे. स्टॅनची बोली दखनी नाही, पण तिचा सांधा तोच आहे. दोन भाषा जिथे जुळतात, तिथली ठिगळे लपवायची नाहीत, उलट मिरवायची. हीच त्याची सर्वांत मोठी मिळकत.

‘तडीपार’मध्ये काय होते?

आधी नावच पाहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार एखाद्याला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढता येते, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. कायद्याच्या कागदावर ती हद्दपारी. वस्तीत आणि बातमीत मात्र ‘तडीपारी’. हा शब्द ऐकून ज्याला काही सांगावे लागत नाही, त्याच्यासाठीच हा अल्बम होता.

‘तडीपार’चे ध्वनिमुद्रण फार सफाईदार नाही. बीट त्याने स्वतः बांधलेले. मात्र आवाजात एक घाई आहे, सांगायचे पुष्कळ आणि वेळ कमी अशी. घरची तंगी, आईवडील, पोलिसांची धास्ती, बिनसलेले प्रेम हे सगळे एकाच दमात येते. ‘एक दिन प्यार’ गाजले. त्याआधी एमिवे आणि डिव्हाइन या मुंबईकर रॅपरांना उद्देशून केलेल्या डिस गाण्यांनी त्याचे नाव झाले होतेच. अशी जाहीर कुरापत मराठी माणसाला नवी नाही. शाहिरीतल्या कलगी-तुऱ्यात दोन फड एकमेकांना रात्र रात्र सवाल घालत आणि उत्तर न सुचणाऱ्याची भर गर्दीत शोभा होई. फरक इतकाच की तिथे सवाल अध्यात्माचा किंवा पुराणातला असे, इथे तो आईबहिणीवर घसरतो.

मग ‘इन्सान’ कुठे कमी पडतो?

‘इन्सान’ वाईट अल्बम नाही, हे आधी मान्य करायला हवे. ध्वनी भरीव आहे, बास नेमका बसतो, चांगल्या हेडफोनवर तो ‘तडीपार’पेक्षा उजवा वाटतो. रफ्तारसारखा मोठा गायक सोबतीला आहे. गाडीत लावायला, जिममध्ये लावायला उत्तम.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली ऑटोट्यूनची. स्टॅनने तो आधीही वापरला होता, दुखऱ्या जागी आवाज जरा ओढायला. ‘इन्सान’मध्ये तो सर्व भाजीत एकच मसाला टाकावा तसा पडतो. सूर सपाट झाले की बोली मरते. ‘येडा’ म्हणताना पुण्यातला पोरगा ज्या हेलात ‘डा’ टाकतो, तो हेल सॉफ्टवेअर सरळ करून टाकते. ज्या ठिगळांवर चाहत्याने जीव टाकला, त्यांनाच इस्त्री.

दुसरी अडचण विषयाची. ‘तडीपार’मध्ये वस्ती होती. ‘इन्सान’मध्ये जळणारे लोक, नाव, पैसा, पुन्हा जळणारे लोक. यशस्वी रॅपरने यशाबद्दल बोलू नये असे कोणी म्हणत नाही, पण जळणाऱ्यांना चेहरा नाही, पत्ता नाही. ते कोण, कुठल्या गल्लीतले, त्यांनी नेमके काय केले, हे गाण्यांतून कळत नाही. ‘तडीपार’ हे नाव एका जागेचे होते. ‘इन्सान’ हे कुणाचेही असू शकते.

काही जण म्हणतील, मिक्सटेपसारखे सैल ऐका, अल्बमचे निकष कशाला. मुद्दा रास्त आहे. मिक्सटेप ही न्यूयॉर्कच्या डीजेंनी कॅसेटवर भरून हातोहात विकलेली वस्तू. आपल्याकडे जत्रेत भीमगीतांच्या, देवीच्या गाण्यांच्या कॅसेट विकल्या जात, साधारण तशी. तिथे कच्चेपणा चालतो. ‘इन्सान’ मात्र कच्चा नाही, तो फार पक्का आहे, आणि तक्रार तिथेच आहे.

चाहता बोलत का नाही?

कारण त्याला दोनच सूर ऐकू येतात. गाण्याखालच्या प्रतिक्रियांत ‘आग लावली भावा’. त्यापलीकडे थेट बंदीची भाषा. मार्च २०२३ मध्ये स्टॅनचा इंदूरमधला कार्यक्रम करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडला. शिव्या आणि स्त्रियांविषयीची भाषा हे कारण सांगितले गेले. पुढच्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुण रॅपरवर राजकीय गाण्यामुळे गुन्हा दाखल झाला. मुंगासेचे गाणे सत्तेवर होते, स्टॅनचे नव्हते. दोन्हींची जात वेगळी. तरी एक गोष्ट समान आहे : गाणे चांगले की वाईट, यावर मधल्या मध्ये कोणी बोललेच नाही.

मराठी वर्तमानपत्रांत नाटक-सिनेमाचे परीक्षण नेमाने येते. पंचविशीच्या आतली पोरे दिवसभर कानात घालून फिरतात त्या गाण्यांचे परीक्षण क्वचितच दिसते. मग निवाडा करायचा कोणी? मंच अडवणाऱ्यांनी की पोलीस ठाण्याने?

स्त्रियांबद्दलच्या भाषेचा मुद्दा इथेच येतो. इंदूरमध्ये मंच अडवणाऱ्यांची पद्धत चूक होती, म्हणून आक्षेप खोटा ठरत नाही. ‘तडीपार’वर जीव टाकणारा पोरगा बहीण खोलीत आली की आवाज कमी करतो, हे तो स्वतः जाणतो. स्टॅनला हे मंच अडवणाऱ्याने सांगितले की तो शत्रूचा वार ठरतो. पहिल्या गाण्यापासून ऐकणाऱ्याने सांगितले तर निदान ऐकून घेण्याची शक्यता आहे.

आणि दोन्ही अल्बम तोलताना अल्ताफच्या बाजूने एक वजन टाकावे लागते. लाखो रुपयांचे बक्षीस देणाऱ्या टीव्हीच्या घरात शुद्ध हिंदी बोलणाऱ्यांमध्ये तो महिनोन्महिने राहिला आणि बोली बदलली नाही. ‘इन्सान’मध्ये यंत्राने झाकलेला तो हेल कॅमेऱ्यासमोर मात्र शाबूत होता. म्हणजे तो हरवलेला नाही. पुढच्या वेळी माइक चालू करण्याआधी ऑटोट्यूनचे बटण अर्धे खाली आणायचे, आणि ताडीवाला रस्त्यावरच्या एखाद्या माणसाचे नाव घेऊन सुरुवात करायची, एवढेच जुन्या चाहत्याचे मागणे आहे.