साराला कुणी विचारलंच नाही

इंग्लंडमधल्या वोकिंग गावात ऑगस्ट २०२३ मध्ये दहा वर्षांच्या सारा शरीफचा मृतदेह सापडला, तेव्हा बाप, सावत्र आई आणि काका पाकिस्तानात पोचले होते. अंगावर ७० हून जास्त जखमा, किमान २५ ठिकाणी हाड मोडलेलं. डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टानं बापाला किमान ४० वर्षं, सावत्र आईला किमान ३३ वर्षं तुरुंगात धाडलं. गुन्हेगारांचा हिशेब तिथं संपला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या चौकशी अहवालानं विचारलंय ते वेगळंच आहे. ज्या मुलीवर जन्मापासून सरकारी खात्याची नजर होती, ती सगळ्यांच्या देखत मेली कशी?

क्रम बघा. बाप मारकुटा असल्याच्या तक्रारी जुन्या, तरी २०१९ मध्ये कोर्टानं मुलगी त्याच्याच घरी ठेवली. मार्च २०२३ मध्ये शाळेला तिच्या चेहऱ्यावर वळ दिसले. शाळेनं नियमाप्रमाणे समाजकार्य विभागाला कळवलं. काही दिवसांत फाईल बंद. पुढच्याच महिन्यात बापानं ‘घरीच शिकवतो’ म्हणून शाळेतून नाव काढलं आणि मुलगी दिसेनाशी झाली. ऑगस्टमध्ये कर्मचारी भेटीला गेले ते जुन्या पत्त्यावर. दुसऱ्या दिवशी सारा गेली.

आता आपल्याला बोचेल अशी गोष्ट. सारा हिजाब घालायला लागली होती. घरात दुसरं कुणी घालत नव्हतं. तो वळ झाकण्यासाठी होता, हे पुढे खटल्यात आलं. ‘बेटा, हे कधीपासून? तुला आवडतं का?’ एवढं कुणी नीट विचारलं नाही. त्यांच्या धर्माची बाब आहे, आपण कशाला बोला, असं सगळ्यांनी धरून चाललं. शेजाऱ्यांना आवाज येत होते, पण कळवलं तर लोक आपल्याला वंशद्वेषी म्हणतील, ही भीती. ज्या देशात मशिदीवर दगड पडतात त्याच देशात मुसलमान मुलीला वाचवायला लोक ‘आदरापोटी’ कचरले, हा विचित्र प्रकार आहे. मूल कुठल्याही घरातलं असो, हाड तेवढंच दुखतं. धर्म समजून घेणं म्हणजे प्रश्न न विचारणं, हे कुणी ठरवलं?

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए मेली. आयव्हरी कोस्टहून शिक्षणासाठी नातेवाईक बाईबरोबर आणलेली मुलगी, अंगावर १२८ खुणा. त्या बाईसमोर ती ताठ, गप्प उभी राहायची. आफ्रिकी घरात मोठ्यांचा असाच मान ठेवतात, असा समाजकार्यकर्तीनं अर्थ लावला. पोरगी भीतीनं थिजलेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीनं २००३ मध्ये सांगितलं की तिला वाचवता आलं असतं असे किमान १२ प्रसंग येऊन गेले. १०८ शिफारशी आल्या, २००४ चा बालक कायदा आला. पण तिची जबाबदारी ज्या अननुभवी बाईवर टाकली होती, तिच्यावर कामाचं ओझं किती आणि वरचे अधिकारी कुठं होते, हे लेमिंग यांनी लिहूनही नाव बदनाम झालं ते खालच्यांचंच.

२००७ मध्ये त्याच हॅरिंगे भागात १७ महिन्यांचा पीटर मेला. डॉक्टर, पोलीस, समाजकार्यकर्ते मिळून त्याला सुमारे ६० वेळा पाहून गेले होते. मग वर्तमानपत्रांनी मोहीम चालवली आणि मंत्र्यांनी विभागप्रमुख शॅरन शूस्मिथ यांना हटवायला लावलं. २०११ मध्ये अपील कोर्टानं तो प्रकार अन्यायाचा ठरवला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. जाणते लोक हे काम सोडू लागले, आणि उरलेल्यांनी स्वतःला वाचवायला मुलं घरातून काढण्याचे अर्ज कोर्टात लावले. शिव्यांनी मूल सुरक्षित होत नाही, पण राग शांत होतो. म्हणून सरकारांना हा मार्ग आवडतो.

प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी २०११ मध्ये नेमकं दुखणं पकडलं. प्रत्येक मृत्यूनंतर नवा फॉर्म, नवी मुदत. कार्यकर्ता संगणकापुढे बसतो आणि मुलाशी बोलायला वेळ उरत नाही. इंग्लंडनं काही चांगलंही केलं. ‘सोशल वर्कर’ हे पद कायद्यानं राखीव आहे, नोंदणीशिवाय कुणी ते लावू शकत नाही. पदवी सक्तीची, नव्या माणसाला पहिलं वर्ष देखरेखीखाली. तरीही सारा गेली. कारण हातात डझनावारी केस असलेला माणूस पदवी असूनही फाईल लवकरच बंद करणार.

आपल्याकडे पाया तरी आहे का? भारतात समाजकार्य शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईच्या नागपाड्यातून. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये तिथं नेबरहूड हाऊस काढलं, आणि त्यातूनच १९३६ मध्ये आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था उभी राहिली. मोहल्ल्यातून निघालेला हा पेशा, पण ९० वर्षं होत आली तरी त्याला देशपातळीवर नोंदणी परिषद नाही. डॉक्टर, वकील, नर्स सगळ्यांना आहे. इथं वाढदिवसाच्या बॅनरवरचा प्रत्येक जण ‘समाजसेवक’ असतो!

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. पोलिसांनी तक्रार घ्यायला तासन्‌तास लावले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. आरोपी पुढे पोलिसांच्या गोळीनं मेला. चर्चा झाली ती फाशीची, एन्काउंटरची, सीसीटीव्हीची. मुलींशी बोलणारं प्रशिक्षित माणूस पहिल्या तासाला कुठं होतं, ही चर्चा फार थोडी झाली.

कायदा कागदावर भक्कम आहे. पोक्सोनुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यात शाळा, मदरसा, क्लास, वसतिगृह सगळे आले, आणि ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणणारे चाचा-मामूही. १०९८ हा फुकट नंबर १९९६ मध्ये मुंबईतूनच सुरू झाला. आता तो सरकार चालवतं. जिल्ह्याला बालकल्याण समिती असते, एक अध्यक्ष, चार सदस्य, महिन्याला किमान २० दिवस बसणं बंधनकारक. तुमच्या जिल्ह्यात ती कुठं बसते, सगळी पदं भरलीत का, बालसंरक्षण कक्षात कायम माणसं किती आणि कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. जमातीच्या पुढच्या बैठकीत एखाद्यानं हा अर्ज लिहायचं अंगावर घ्यावं.